विचारायचे कुणाला? मराठी समाज आणि तरुणांच्या शरीरस्वास्थ्याचा प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी जुने विद्यार्थी एक गोष्ट आवर्जून सांगतात. वर्गात विचारलेला कोणताही प्रश्न ते परत पाठवीत नसत. उत्तर ठाऊक असले तर तिथेच देत; नसले तर दुसऱ्या दिवशी शोधून आणून देत. त्यांच्या ह्या वृत्तीचे स्मरण ठेवून मी आज एक असा विषय आपणांपुढे मांडणार आहे, जो स्मृतिव्याख्यानांत सहसा येत नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींना स्वतःच्या शरीराविषयी, कामजीवनाविषयी आणि प्रजननाविषयी पडणारे प्रश्न, त्यांची उत्तरे आणि त्यासाठी लागणारी वैद्यकीय मदत त्यांना आजवर कशी मिळाली, अथवा का मिळाली नाही, हा तो विषय होय.

मराठीच्या प्राध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, असे कुणी विचारील. परंतु वैद्यापर्यंत पोहोचण्याआधी माणसाला शब्दापर्यंत पोहोचावे लागते. जे दुखणे सांगता येत नाही त्यावर औषध मागता येत नाही. म्हणून ह्या प्रश्नाचा इतिहास मला प्रथम भाषेचा इतिहास वाटतो, आणि त्याच बाजूने तो मी मांडणार आहे.

१

आपल्या पूर्वजांनी ह्या विषयावर मौन पाळले, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आपल्याकडे मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवीत, ओटी भरीत, गाणी म्हणत, वाजंत्रीही लावीत. म्हणजे एका अजाण मुलीच्या शरीरात घडलेला बदल साऱ्या आळीला कळत असे. मात्र हा बदल काय आहे, तो का होतो आणि आता पुढे काय होणार आहे, हे तिला स्वतःला कुणी समजावून सांगत नसे. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’ असे वाक्प्रचार भाषेत रूढ होते. पण ते सारे इतरांनी तिच्याविषयी बोलण्याचे होते. तिने स्वतः काही विचारावे, असा शब्द तिच्या पदरात कुणी टाकला नव्हता. पुकारा भरपूर आणि ज्ञान शून्य, अशी ती स्थिती होती.

तिचे परिणाम काय होत, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात दिसते. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले; चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि ते मूल दहा दिवसांत गेले. पुढे ह्याच आनंदीबाई अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. जे विचारायला आपल्याला कुणी नव्हते, ते सांगणारी कुणीतरी देशात असावी, ह्या तळमळीचा उगम त्या दहा दिवसांच्या मुलापाशी शोधावा लागतो. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी त्या निवर्तल्या.

त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई पतीच्या घरी नांदावयास गेल्या नाहीत. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः वैद्यकाचे जाणकार होते आणि त्यांचा रखमाबाईंना आधार होता. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८७ साली मात्र नांदावयास जा अथवा तुरुंगवास पत्करा, असा निर्णय झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली आणि १८८८ साली प्रकरण तडजोडीने मिटले. ह्या बाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ ह्या नावाने पत्रे लिहून बालविवाहावर आघात केला, ही गोष्ट मला खटल्याहूनही महत्त्वाची वाटते. ज्या मुलीविषयी सारे बोलत होते, ती इथे प्रथमच स्वतः बोलली. मात्र तिला ते इंग्रजीतून आणि नाव झाकून बोलावे लागले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे लंडनहून डॉक्टर होऊन रखमाबाई परतल्या, त्या सुरतेला आणि नंतर राजकोटला स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ राबल्या. गुजरातेत राहणाऱ्या आपणां मराठी माणसांना हा वारसा घरचाच आहे.

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ह्या बालिकावधूच्या मृत्यूचा खटला चालला आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला. १८६० च्या दंडसंहितेने दहा ठरविलेले वय त्याने बारावर आणले. ह्या कायद्यावरून महाराष्ट्रात केवढे रणकंदन माजले, हे आपणांस ठाऊक आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राधार देऊन सुधारणेची बाजू मांडली. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. आगरकर ‘सुधारका’तून कायद्याच्या पाठीशी उभे राहिले. हा वाद म्हणजे मराठी गद्याच्या सामर्थ्याचे एक शिखर होय. परंतु गर्भाधानाचा काळ, श्रुतिस्मृतींची वचने, सरकारचा अधिकार ह्या साऱ्यांची चर्चा झाली, तरी मुलीला काय सांगावे ह्या प्रश्नाला त्यात जागा मिळाली नाही.

आपल्या बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक निर्बंध करून मुलीचे वय बारा आणि मुलाचे सोळा ठरविले. ब्रिटिश मुलखात विवाहाच्या वयाचा असा कायदा व्हावयास १९२९ साल उजाडले. त्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा केले. महाराजांच्या द्रष्टेपणाविषयी शंकाच नाही. तरीही निर्बंध झाल्यावर संस्थानात बालविवाह होतच राहिले. वय ठरविणे हे सरकारच्या हाती असते. त्या वयाचा अर्थ घराघरांत समजावून देणे हे काम कायद्याला करता येत नाही.

२

ते काम मराठीत एका गणिताच्या प्राध्यापकाने केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. म्हणजे ह्या बाबतीत मराठी माणूस जगाच्या मागे नव्हता, बरोबरीने चालत होता. १९२३ साली ‘संततिनियमन : विचार आणि आचार’ हे त्यांचे पुस्तक आले. चालकांना ही मते मानवली नाहीत आणि कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई मात्र अखेरपर्यंत त्यांच्या कार्यात उभ्या राहिल्या. मालतीबाईंच्या साथीवाचून हा संसार आणि हे कार्य दोन्ही तगली नसती.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला आणि कर्व्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ते चालले. ह्या मासिकाच्या मुखपृष्ठाची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यातील प्रश्नोत्तरांचे मोल अधिक वाटते. गावोगावचे वाचक पत्रे लिहीत. त्यांत नवविवाहित असत, अविवाहित तरुण असत. हस्तमैथुनाने शक्ती जाते काय, गुप्तरोग कसा ओळखावा, मूल लांबविण्यास काय करावे, असे ते प्रश्न असत. कर्वे थोडक्यात आणि सरळ उत्तर देत. ते उपदेश करीत नसत, विचारणाऱ्याला लाजवीत नसत. त्यांची काही वैद्यकीय माहिती आज जुनी झाली आहे आणि ती तशी होणारच. मात्र विचारणाऱ्याचा मान राखणारी त्यांची भाषा जुनी झालेली नाही. ओवी आणि शिवी ह्यांच्यामधली, देहाविषयी नेमके आणि सभ्यपणे बोलणारी एक मराठी त्यांनी घडविली. ज्या तरुणाला गावात डॉक्टर नव्हता, आणि असला तरी त्याच्यापुढे तोंड उघडण्याची छाती नव्हती, त्याच्यासाठी ते पान हाच दवाखाना होता.

त्या दवाखान्यावर खटले भरले गेले. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ ह्या लेखावरून १९३१ साली कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा आरोप आला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. ज्या बाबासाहेबांना १९१३ साली बडोदे संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली होती, ते एका एकाकी पडलेल्या संपादकासाठी उभे राहिले, ह्याचे मोल आपण बडोदेकरांनी तरी विसरू नये. कामविषयक लिखाण तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने शंका विचारली तर तिचे उत्तर दिले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, दंड दोनशे रुपये झाला. येथे दोषी ठरले ते उत्तर. प्रश्न मात्र मराठी घरांत तसेच राहिले.

चार वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार करण्याविषयी ठराव मांडला. तो फेटाळला गेला. शेजारच्या म्हैसूर संस्थानाने तर १९३० सालीच सरकारी रुग्णालयांत अशी केंद्रे उघडली होती.

३

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. कर्व्यांनी जे सांगितले म्हणून दंड भरला, ते सरकारचे धोरण झाले. परंतु ह्या पालटात एक शब्द बदलला, त्याकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. ‘संततिनियमन’ जाऊन ‘कुटुंबनियोजन’ आले. पहिल्या शब्दात एक कृती आहे; ती कोणीही समजून घेऊ शकतो. दुसऱ्यात कुटुंब आधी येते. ज्याचे कुटुंबच अजून झालेले नाही, अशा सतरा वर्षांच्या मुलाला वा मुलीला ह्या शब्दाच्या उंबऱ्याआत जागा नव्हती. भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण आला, आई, बाप आणि मुले अशी चित्रे आली. प्रश्न विचारणारा एकटा तरुण मात्र त्या चित्रात नव्हता. पुढे हा कार्यक्रम माणसाच्या स्वास्थ्यापेक्षा लोकसंख्येच्या आकड्यांकडे अधिक पाहू लागला. १९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या काळातील सक्तीच्या शस्त्रक्रियांनी तर ह्या साऱ्या विषयावरील लोकांचा विश्वासच हादरविला.

कायद्याच्या भाषेतही हाच उंबरा होता. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने स्त्रियांचे प्राण वाचविण्याची मोठी सोय केली. मात्र साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेल्या गर्भाविषयी जे स्पष्टीकरण त्यात होते, त्यात ‘विवाहित स्त्री अथवा तिचा पती’ असे शब्द होते. ते बदलून ‘कोणतीही स्त्री अथवा तिचा जोडीदार’ असे होण्यास २०२१ साल यावे लागले. एका शब्दाला पन्नास वर्षे लागली.

ऐंशीच्या दशकात मी पदव्युत्तर वर्गाला वैचारिक गद्य शिकवीत असे. कर्व्यांचे नाव निघाले की मागच्या बाकांवर खसखस पिके. एकदा मी सांगितले, की ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी नाव न घालता चिठ्ठी टेबलावर ठेवावी. पुढच्या तासाला आलेल्या चिठ्ठ्या वाङ्मयाविषयी थोड्या आणि आयुष्याविषयी अधिक होत्या. पन्नास वर्षांपूर्वी ‘समाजस्वास्थ्या’त छापलेल्या प्रश्नांची ती सख्खी भावंडे होती. एम. ए. पर्यंत शिकलेल्या मुलामुलींना तेच भय आणि तेच गैरसमज होते. एका मुलीने लिहिले होते, ‘हे आईला विचारता येत नाही, कारण आईलाही कुणी सांगितलेले नाही.’ त्या चिठ्ठ्या घेऊन मी ओळखीच्या एका स्त्री-डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांना वर्गात आणले. पाऊण तासाचे ते व्याख्यान दोन तास चालले.

४

१९९४ साली कैरो येथे लोकसंख्याविषयक जागतिक परिषद झाली आणि ‘प्रजनन आरोग्य’ हा शब्द धोरणांत स्थिरावला. आकड्यांवरून दृष्टी पुन्हा माणसाकडे वळली. किशोरवयीन मुलामुलींचा स्वतंत्र विचार आपल्याकडेही सुरू झाला. पण २००७ साली शाळांतील किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी विरोध करून तो थांबविला. मराठी माणसे जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत, तीच बहुतेक ही राज्ये होत. १९३४ साली एका संपादकाला दंड झाला. २००७ साली पाठ्यसाहित्यच मागे गेले.

७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत सल्ला देणारी केंद्रे असावीत आणि त्यांच्याच वयाचे साथी त्यांना तिथवर आणावेत, अशी त्यात योजना आहे. योजना उत्तम आहे. परंतु लहान गावातल्या मुलीने त्या दाराशी उभे राहावे, तर तिला कुणी पाहील हे भय असते आणि आत गेल्यावर काय म्हणावे हेही कळत नाही. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याने अठराच्या आतील मुलांना मोठे संरक्षण दिले. पण अशी घटना कळल्यास पोलिसांस कळविणे त्याने बंधनकारक केले, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची मुलगी डॉक्टरकडे जावयासच कचरू लागली. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी कळविताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. रखमाबाईंनी नाव झाकून पत्रे लिहिली होती; नाव झाकून मदत मागण्याचा मुलीचा हक्क न्यायालयाने मानला, तोवर एकशे सदतीस वर्षे लोटली होती.

आणि हा प्रश्न जुना झाला असे कुणी समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत सुमारे तेवीसजणींचे लग्न अठरा पुरी होण्याआधी झाले होते. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये बाविशीच्या आसपास आहेत. कायद्याने मात्र मुलीच्या विवाहाचे वय १९७८ पासून अठरा आहे.

ज्ञान दिले तर मुले बिघडतील, ही भीती प्रामाणिक आहे, म्हणून तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. युनेस्कोने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणाने लैंगिक व्यवहार वाढत नाहीत असाच त्याचा निष्कर्ष आहे. आपला स्वतःचा इतिहासही तेच सांगतो. एकोणिसाव्या शतकातील मुलींना काहीही ठाऊक नव्हते. त्या अज्ञानातून शील निपजले नाही. चौदा वर्षांच्या माता निपजल्या.

५

आता आपल्या शाळेकडे वळतो. बडोद्यातील मराठी मुलाच्या घरी मराठी असते, रस्त्यावर गुजराती आणि विज्ञानाच्या पुस्तकात पुष्कळदा इंग्रजी. इतर विषयांत ही तिहेरी संपत्ती आहे. ह्या विषयात मात्र तो तिन्ही भाषांत मुका असतो. पुस्तकातला प्रजननाचा धडा परीक्षेपुरता पाठ होतो. घरातल्या मराठीत ‘अडचण’ एवढाच शब्द मिळतो. आणि दवाखान्यात गुजराती बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे दुखणे कसे सांगावे हे सुचत नाही. मग मोबाइलवर जे येते त्यालाच तो ज्ञान समजतो. तेथे चित्रे अगणित आहेत, पण त्याचा प्रश्न ऐकून घेणारे कुणी नाही. मखरातल्या त्या मुलीचीच ही नवी आवृत्ती आहे: गाजावाजा पुष्कळ आणि ज्ञान नाही.

म्हणून ह्या संस्थेपुढे मी तीन लहान सूचना ठेवतो. शाळेत कुलूप असलेली एक पेटी ठेवावी, तीत इयत्ता आठवीपासूनच्या मुलामुलींनी नाव न घालता प्रश्न टाकावेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांतील एक स्त्री आणि एक पुरुष यांनी महिन्यातून एकदा येऊन त्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मुलगे यातून वगळू नयेत. मुलींना सांगायचे आणि मुलग्यांना बाहेर खेळावयास पाठवायचे, ही जुनी रीत आता पुरे. दुसरी सूचना अशी, की आरंभ करण्यापूर्वी पालकांची सभा घ्यावी आणि काय सांगणार हे त्यांना आधी सांगावे; लपवून केलेल्या कामावर विश्वास बसत नाही. तिसरी सूचना माझ्या पेशाची आहे. मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत शरीराची, पाळीची, रोगांची आणि मदतीच्या ठिकाणांची नेमकी नावे देणारी एक चार पानी शब्दावली शाळेने छापावी. ती तयार करण्याचे काम, प्रकृती साथ देईल तोवर, मी आनंदाने करीन.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि त्यात मुलींनाही घेतले. मुलांना अक्षरे द्यावीत की नाही, हा वाद त्यांनी आपल्यापुरता संपविला. त्या अक्षरांतून कोणते प्रश्न विचारू द्यावयाचे, हे ठरविण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे. गुरुजींनी कोणताही प्रश्न परत पाठविला नाही. त्यांच्या शाळेने हा एक तरी का पाठवावा?